‘केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद’: असा मेल किंवा मेसेज आला तर खरा-खोटा कसा ओळखायचा?

पीएम किसानचा हप्ता जमा व्हायची वेळ आली की शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेल आणि मेसेज सुरू होतात. ‘तुमची ई-केवायसी अपूर्ण आहे. आजच खालच्या लिंकवर माहिती भरा, अन्यथा हप्ता कायमचा बंद होईल.’ वर योजनेचं चिन्ह, खाली निळ्या अक्षरातली लिंक. दिसायला सगळं अगदी सरकारी.

या योजनेत वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे २,००० रुपयांचे तीन हप्ते मिळतात. दोन हजार अडकू नयेत म्हणून माणूस घाईत लिंक दाबतो आणि खात्यात आलेलं पीककर्ज नाहीतर उसाचं बिल निघून जातं. या फसवणुकीला ‘फिशिंग’ म्हणतात. गळाला आमिष लावून मासा धरावा, तसा हा प्रकार. फक्त इथं आमिषाऐवजी बहुतेक वेळा भीती दाखवली जाते.

जीमेल खातं गेलं तर काय जातं?

‘आपण मेल वापरतच नाही, आपल्याला काय धोका?’ असं अनेकांना वाटतं. पण अँड्रॉईड मोबाईल बहुतेक वेळा जीमेल खात्यावरच चालू केलेला असतो. फोटो, फोन नंबरांची यादी आणि साठवलेले पासवर्ड त्याच खात्यात असू शकतात. दुसऱ्या एखाद्या खात्याचा पासवर्ड विसरला तर तो बदलायची लिंक त्याच मेलवर येते. म्हणून जीमेल ज्याच्या हातात गेलं, त्याला बाकीच्या खात्यांची दारं उघडणं सोपं जातं.

गावात आणखी एक अडचण दिसते. बऱ्याच जणांचं जीमेल मोबाईल दुकानदारानं किंवा फॉर्म भरून देणाऱ्यानं काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याच्याकडे आणि कधीकधी खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही त्याचाच. खातं परत मिळवायची वेळ आली की कोड त्या नंबरवर जातो आणि मालक बसतो हात चोळत.

मेल खोटा आहे, हे कशावरून ओळखायचं?

- घाई आणि धमकी. ‘२४ तासांत खातं बंद’, ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘शेवटची संधी’. विचार करायला आणि कुणाला विचारायला वेळ मिळू नये म्हणून ही भाषा वापरतात.
- नाव एक, पत्ता दुसराच. मेलवर नाव कोणतंही टाकता येतं. जीमेल ॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की त्याचा खरा मेल पत्ता दिसतो. सरकारी खात्याचा मेल साध्या जीमेल पत्त्यावरून आला असेल तर तो खोटाच धरावा.
- गुप्त माहितीची मागणी. पासवर्ड, ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआय पिन हे बँक मेलवर किंवा फोनवर विचारत नाही.
- पैसे मिळण्यासाठी पिन. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

पूर्वी मोडक्या मराठीवरून खोटा मेल लगेच ओळखू यायचा. आता मजकूर शुद्ध असतो. त्यामुळं भाषा चांगली आहे म्हणून मेल खरा, असं समजू नये.

लिंकचा पत्ता असा वाचा

लिंकवर टिचकी न मारता बोट थोडा वेळ दाबून धरलं की जीमेलमध्ये पूर्ण पत्ता दिसतो. त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढं जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे शब्द बघायचे. पत्त्याचा खरा मालक तिथं कळतो.

‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ हा योजनेचा खरा पत्ता. पण ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असं असेल तर ती साईट ‘अमुक डॉट कॉम’वाल्याची. पुढचं सरकारी नाव नुसतं दाखवायला लावलेलं असतं.

बँकांसाठीही आता खूण आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाईट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर आणायला सांगितलं. हा शेवट बँकांसाठीच राखून ठेवलेला आहे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मेलमधली लिंक वापरायचीच नाही. केवायसी बाकी आहे का, हे योजनेच्या वेबसाईटवर स्वतः जाऊन, सीएससी केंद्रात किंवा कृषी कार्यालयात विचारून कळतं. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यावा. गुगलवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरांमध्येही खोटे नंबर पेरलेले असतात.

‘ओटीपी दिलाच नाही, तरी पैसे गेले’

हा प्रकार बहुधा ‘एपीके’ फाईलमुळं होतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा ‘पीएम किसान यादी’ अशा नावानं फाईल येते. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. ही पत्रिका नसते, यादीही नसते. हे ॲप असतं. ते बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ‘अलाऊ’ दाबलं की बँकेचा ओटीपी थेट भामट्याकडं जातो. पत्रिका कधीही एपीके नसते.

फाईल ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये. एकाचा फोन ताब्यात आला की त्याच्याच नावानं पाहुण्यांना आणि गावच्या ग्रुपवर तीच फाईल जाते. आधी त्या माणसाला फोन करून विचारावं.

आधीच करून ठेवायची कामं

1. जीमेलचा पासवर्ड स्वतः बदला. जोडलेला मोबाईल नंबर स्वतःचाच आहे ना, ते तपासा.
2. गुगल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा.
3. जीमेल आणि बँकेला एकच पासवर्ड ठेवू नका. एटीएमचा पिन मोबाईलमध्ये लिहून ठेवू नका.
4. यूपीआयला जोडलेल्या खात्यात रोजच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवा. पीककर्ज किंवा मुलीच्या लग्नाचे पैसे वेगळ्या खात्यात असू द्या.

लिंक दाबली गेली असेल तर

नुसती लिंक दाबली आणि काहीच भरलं नाही तर घाबरून जाऊ नये. पान बंद करावं. जीमेलचा पासवर्ड भरला असेल तर तो लगेच बदलावा आणि गुगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात जाऊन अनोळखी मोबाईल, कॉम्प्युटर काढून टाकावेत.

एपीके बसवली असेल तर आधी मोबाईलचं इंटरनेट बंद करावं आणि सेटिंगमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढावं. बाहेर त्याचं चिन्ह दिसेलच असं नाही. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावं.

पैसे गेले असतील तर एक मिनिटही घालवू नये. बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगावं आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. पैसे पुढं काढले जाण्याआधी कळवलं तर ते समोरच्या खात्यात अडवता येतात. तक्रार ‘सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन’वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. तो मेल, मेसेज पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला नुकसान सोसावं लागत नाही. ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. सहकारी बँकांसाठीही असेच नियम त्याच वर्षी काढण्यात आले. म्हणून बँकेत तोंडी सांगून भागत नाही. तक्रारीचा क्रमांक किंवा अर्जावर शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडावं.

‘लोक हसतील’ म्हणून अनेक जण गप्प बसतात, घरातही सांगत नाहीत, आणि भामट्याला हवा असतो तो वेळ त्यातच मिळतो. १९३० हा नंबर घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून ठेवावा, आई-वडिलांच्या साध्या फोनमध्येसुद्धा.