तापीकाठची माती आणि चाक

लाकडी चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवितो, तिला मराठीत 'धाव' म्हणतात. सतराव्या शतकात सुरत बंदराचा माल बुऱ्हाणपूरकडे निघे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने बारडोली, नवापूर, नंदुरबार हा मार्ग नोंदविला आहे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा गंध येतो, हेही नोंदवावयास तो विसरला नाही. याच वाटेवरील सोनगड पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये घेतला आणि तेथून गायकवाडांच्या राज्याचा उदय झाला. वाट मात्र काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगून चिकट होते. अरुंद लोखंडी धाव तिच्यात सुरीसारखी रुतत असे, आणि मग चार महिने गाड्या उभ्या राहत.

याच सोनगडाजवळ तापीवर उकाई धरणाचे काम १९६० नंतरच्या दशकात उभे राहिले. सुमारे ४,९०० मीटर लांबीचे हे धरण काही भागात दगडी बांधणीचे आणि बाकी मातीचे आहे. इतकी माती डोक्यावरील पाट्यांनी हलविणे शक्य नव्हते. तेथे यंत्रेच हवी होती. रबरी चाकांवर धावणारी मातीकामाची यंत्रे तेव्हा जगाला फार जुनी नव्हती. अमेरिकेत लेटूर्नो याने आपल्या माती खरवडणाऱ्या यंत्राला पोलादी चाकांऐवजी हवेचे टायर बसविले, ते १९३२ मध्ये.

तापीखोऱ्यासारख्या ठिकाणी टायर निवडावयाचा कसा? टायरमधील हवेचा दाब जितका, साधारण तितकाच भार जमिनीच्या दर चौरस इंचावर पडतो. म्हणून मऊ मातीवर रुंद व कमी दाबाचा टायर हवा, आणि चिखल झटकून टाकणाऱ्या मोकळ्या, खोल खाचा हव्यात. पण खाणीवर पाऊल टाकले की तेथे काळा कातळ. सुरुंगाने फुटलेल्या दगडाची धार रबर कापते. तेथे जाड, दाट नक्षीचा टायर टिकतो. दगड भरणाऱ्या लोडरला तर त्याहूनही जाड लागतो, कारण त्याची चाके जागच्या जागी घासतात. माती दाबणाऱ्या रबरी चाकांच्या रोलरला मात्र नक्षीच नको. त्याचा टायर गुळगुळीतच असतो.

मग सर्वांत जाड टायर सगळीकडे का लावू नये? येथेच पुष्कळजण फसतात. जाड रबर आतील उष्णता बाहेर सोडीत नाही. त्यासाठी एक हिशेब आहे. भरलेल्या डंपरच्या एका टायरवर १४ टन आणि रिकाम्यावर ६ टन भार असेल, तर सरासरी १० टन होते; खेपांचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला तर गुणाकार २०० येतो. टायरची मर्यादा १५० असेल, तर तो दगडाने नव्हे, तापाने फुटेल. मिशेलिन कंपनीने १९५९ मध्ये अशा यंत्रांसाठी आणलेला रेडियल टायर तुलनेने थंड राहतो. तथापि त्याची बाजू पातळ असल्याने धारदार दगडांत जुन्या तिरप्या धाग्यांच्या टायरला अनेकजण आजही पसंती देतात, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही.

तापीकाठी या निवडीला दुसराही एक हिशेब होता. मातीच्या धरणाचा खरा हंगाम एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा. टायरवाचून खोळंबलेला डंपर त्या हंगामातील खेपा गमावतो. त्या पुढे भरून निघत नाहीत. उकाईचे काम अपुरे असतानाच ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला सुमारे १५ लाख क्युसेक्सचा पूर आला आणि सुरत शहर पाण्याखाली गेले. धरण पूर्ण झाले १९७२ मध्ये. त्याच्या जलाशयाखाली नवापूर आणि नंदुरबारकडील गावांच्याही जमिनी गेल्या. ताव्हेर्निएच्या वाटेवरचाच तो मुलूख.