मनाईकडून रसास्वादाकडे

अकलूजच्या व्यासपीठावर कॅथॉलिक धर्मपीठाच्या चित्रपटविषयक चळवळीचा इतिहास सांगण्याचे आम्हांस काय कारण, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. आम्ही ना त्या धर्माचे, ना कॉलेजात शिकलेले. साखर कामगारांच्या संघटनेत हाडे झिजवली आणि रात्रीच्या दिव्याखाली मिळेल ते वाचले, एवढीच आमची विद्या. पण आमच्या हातून एकदा जी चूक झाली, तीच चूक फार मोठ्या प्रमाणावर रोममध्ये झाली होती आणि ती तेथे हळूहळू दुरुस्तही झाली, हे वाचताना आढळले; म्हणून हा विषय घेतला.

चूक अशी. तीसेक वर्षांमागे जत्रेत सिनेमाचा तंबू आला. पगार नुकताच झालेला. पैसा आणि पोरे दोन्ही बिघडतील या काळजीने आम्ही दारसभेत सांगितले, की आपल्या सभासदांपैकी कोणीही त्या तंबूत पाऊल टाकू नये. त्या संध्याकाळी आमच्या सभेस अकरा माणसे होती, आणि तंबूचे कनाथ वर करून लोक आत डोकावत होते. कोणता चित्रपट लागला आहे, याची चौकशीसुद्धा आम्ही केली नव्हती.

अमेरिकेतील कॅथॉलिकांनी १९३४ साली हेच केले. अश्लील चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ लक्षावधी लोकांनी चर्चमध्ये घेतली. १९३६ साली अकराव्या पायस पोपांनी 'विजिलांती कुरा' या परिपत्रकात त्या मोहिमेची वाखाणणी केली. अशी शपथ दरवर्षी घ्यावी आणि प्रत्येक देशात चित्रपटांची प्रतवारी लावणारी कचेरी असावी, असे सुचविले. हेतू वाईट नव्हता. पण यादी करणारा वर बसला आणि पाहणारा खाली राहिला. पाहणाऱ्याने स्वतः काय पारखावे, हे त्यात थोडेच होते.

दुसरा प्रवाहही मात्र वाहत होता. १९२८ साली हेग येथे कॅथॉलिक चित्रपटकार्याची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली होती. पुढे मोठमोठ्या चित्रपट महोत्सवांत तिचे परीक्षक बसू लागले. युद्धानंतर फ्रान्समध्ये फिल्म क्लबांचे पेव फुटले. आमचे लक्ष वेधले ते आंद्रे बाझँ या टीकाकाराने. माणूस श्रद्धावान कॅथॉलिक, पण काम करी 'त्रावाय ए क्युल्त्यूर' या डाव्या वळणाच्या कामगार-संस्कृती संस्थेत. कारखान्यांत जाऊन चित्रपट दाखवायचा आणि मग कामगारांशी त्यावर वाद घालायचा, हा त्याचा क्रम. १९५८ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. लाल बावटा आणि क्रूस एकाच पडद्यासमोर बसलेले पाहून आमच्या काही मित्रांस अवघडल्यासारखे होईल. आम्हांस तर बरे वाटले.

१९५७ सालच्या 'मिरांदा प्रोर्सूस' या परिपत्रकात बाराव्या पायस पोपांनी प्रेक्षकाच्या शिक्षणाचा प्रश्न घेतला. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने प्रसारसाधनांवर स्वतंत्र हुकूमनामा काढला. आणि १९९५ साली, चित्रपटाच्या शताब्दीस, व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत 'बायसिकल थीव्ज' आहे आणि चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'ही आहे! यादी पुन्हा आलीच. पण ही 'पाहू नका' अशी नव्हे, 'पाहा' अशी.

आपल्या देशात या विचारास घर मिळाले ते कलकत्त्यास. माँट्रियलचे जेझुइट पाद्री गास्तों रोबेर्ज १९६१ साली भारतात आले. येताना न्यूयॉर्कला त्यांनी सत्यजित रायांचे अपूचे तीन चित्रपट पाहिले होते. १९७० साली त्यांनी 'चित्रबाणी' हे केंद्र काढले. चित्रपट कसा पाहावा याचे शिक्षण तेथे सर्वांस खुले होते. २०२० साली कलकत्त्यातच त्यांचा अंत झाला. महाराष्ट्रात हे काम धर्मसंस्थेबाहेर झाले : पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले, मुंबईस १९६८ साली 'प्रभात चित्र मंडळ' निघाले. ही मंडळे शहराची राहिली. नीरेकाठी त्यांची वार्ताच यायची.

आणि आपल्या चित्रपटाचा जन्म तरी कसा झाला? १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. फाळके त्या वेळी हौशीच होते. भांडवल मिळवावयास त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपून एक लहानसा चित्रपट केला आणि तो दाखवून कर्ज काढले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला. त्या ख्रिस्तपटास कोणी आधीच शपथ घेऊन गेले नसते तर? असो, जर-तरचा इतिहास लिहू नये, हे आम्हांस ठाऊक आहे.

आमची चूक आम्ही उशिरा सुधारली. एका गाळप हंगामात पाळी सुटल्यावर वसाहतीच्या भिंतीवर चादर ताणून 'मॉडर्न टाइम्स' लावला. माणसे हसून लोळली. मग गव्हाणीवर काम करणारा एक गडी म्हणाला, "आण्णा, ह्यो वेडा न्हाई झाला. पट्टा जोरात कोण सोडतंय, ते बघा की." आमच्या दहा भाषणांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या रात्री कामाच्या वेगावर जी चर्चा झाली, तीतूनच पुढच्या मागणीपत्राचे एक कलम निघाले.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी विद्यार्थीदशेत 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची चर्चा झाल्यापासून आमच्या पोरांचे हात शिवशिवतात. आता कॅमेरा खिशात आहे. गेल्या हंगामात एकाने ऊसतोड्यांच्या कोप्यांवर चार मिनिटांचे चित्रण केले. एका बाईने मात्र पाहून विचारले, "माझी चूल दावली, पाण्याची खेप का न्हाई दावली?" पोरगा खजील झाला. पहाटे उठून तो तिच्या मागून हंडे मोजत गेला, आणि ते चित्रण अजून जोडून व्हायचे आहे.