व्यायामोपचार (मानसिक आरोग्य)

नैराश्य, चिंताविकार आणि काही अंशी छिन्नमनस्कता यांत औषधे व समुपदेशनाच्या जोडीने सांगितला जाणारा नियमित व्यायाम. ‘जोडीने’ हा शब्द महत्त्वाचा. चालू गोळ्या मनानेच बंद करून पळत सुटणे हा उपचार नव्हे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांनी नैराश्याच्या १५६ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे व सर्ट्रालीन ही नैराश्यावरील गोळी घेणारे साधारण सारखेच सुधारले होते. गोळीचा गुण मात्र आधी दिसला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम गती.

व्यायाम वऱ्हाडाला नवा नाही; तिथे आखाड्याची परंपरा जुनी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. पण तिथला भर बलोपासनेवर, मनाच्या उपचारावर नव्हे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात वऱ्हाडातील वाशिम जिल्हाही आहे. इथल्या शेतीच्या गावांत व्यायाम सुचवला की प्रश्न हमखास येतो: दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला? शंका रास्त आहे. परंतु कर्जाच्या विवंचनेत वाकलेली कंबर आणि सोबत्याशी बोलत केलेली पहाटेची फेरी, दोन्हींत घाम येत असला तरी मनावरचा परिणाम एक नसतो. नैराश्यात अंथरूण सोडणेच जड जाते. म्हणून सुरुवात दहा मिनिटांची, शक्यतो कुणाला सोबत घेऊन. आत्महत्येचे विचार येत असल्यास आधी डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन १४४१६.