तारेचा पीळ

मैफलीच्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलताना मायक्रोफोनची चर्चा होते, तारेची नाही. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात दिव्यांच्या वायरीलगत साधी केबल टाकली आणि तानपुऱ्याखाली विजेची घरघर कायमची बसली. तो खयाल गेलाच. कारण शोधत मी १८८१ सालात पोचलो. त्या वर्षी क्लेमाँ अदेरने पॅरिसच्या ऑपेरातले गाणे टेलिफोनच्या तारांवरून विद्युत प्रदर्शनात ऐकवले, तेही दोन कानांना दोन श्रवणयंत्रे देऊन! त्याच वर्षी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचे पेटंट घेतले. बाहेरचा उपद्रव दोन्हींत सारखाच शिरतो, म्हणून शेवटी वजा होतो. आजच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलीत तोच पीळ आहे, वर जाळीचे कवच. विजेची वायर ओलांडायचीच तर काटकोनात, हे मात्र मला मांडवाच्या वायरमनने शिकवले.