हिंगोलीची ज्वारी आणि सिलिॲकग्रस्त मुलांची हाडे

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. मात्र कयाधू-पैनगंगेच्या काळ्या रानातील ज्वारीची परंपरा त्याहून कितीतरी जुनी असून, निजामी राजवटीतही भाकरी हेच कष्टकऱ्यांचे मुख्य अन्न होते. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन हे प्रथिन ज्वारीत नसल्यामुळे तिचे पीठ गरम पाण्यात मळून, परातीत तळहाताने थापावे लागते.

सिलिॲक आजारात हेच ग्लुटेन लहान आतड्यातील सूक्ष्म अंकुरांची हानी घडवून आणते. परिणामी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, हाडांची घनता कमी राहते आणि मुलांची उंची खुंटू शकते. गहू आणि या आजाराचा संबंध नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला.

इकडे मराठवाड्यात मात्र पुढील दशकांत रेशनवरील गव्हामुळे पोळीचे प्रमाण वाढले आणि सोयाबीनच्या विस्ताराने ज्वारीचे क्षेत्र घटले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे २०१८ मधील ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले वाण या पिकाचे पोषणमूल्य वाढवणारे ठरले. ग्लुटेन नसल्याने ज्वारी सिलिॲकग्रस्त मुलांना चालते; तथापि तिच्यात कॅल्शियम बेताचेच असते, म्हणून अशा मुलांच्या ताटात नाचणी, तीळ आणि पचत असल्यास दूधही हवे. निदान झालेल्या मुलासाठीचे पीठ गहू दळलेल्या गिरणीतून आणू नये, कारण गव्हाचा अल्प अंशही घातक ठरतो.