फुकट मिळालं, पण चालेना: ओपनफोम, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि आपला खान्देश

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. विषय ऐकून काही जण म्हणतील, "भो, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात कसला आलाय इतिहास?" आहे ना, आणि चांगला साठेक वर्षांचा आहे. तो माहीत नसल्यामुळे आपल्याकडची कितीतरी पोरं पहिल्याच एररला प्रोजेक्ट सोडून देतात, म्हणून हा भाग.

सुरुवात कॉम्प्युटरपासून नको, ठिबकपासून करू. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत छोटे ड्रिपर असतात. त्यातून तासाला दोन किंवा चार लिटर पाणी पडतं. ड्रिपरच्या आत एक नागमोडी वाट असते. पाणी वळणावळणावर भिंतींना आपटतं, त्याचा दाब कमी होतो आणि बाहेर फक्त थेंब येतो. वाट फार अरुंद केली तर गाळ अडकतो. फार रुंद केली तर सुरुवातीच्या झाडांना जास्त पाणी मिळतं आणि टोकाची झाडं तहानलेली राहतात. मग वाट नेमकी कशी असावी? एक तर साचे बनवून बघत बसा, किंवा पाण्याचा प्रवाह आधी कॉम्प्युटरवर चालवून बघा. दुसऱ्या प्रकाराला सिम्युलेशन म्हणतात.

आता धुळ्याकडे या. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. पुढच्या चक्कीने वारा घुसळला की मागच्या चक्कीला तो कमी मिळतो. किती कमी, हेही सिम्युलेशनने काढता येतं. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये खोक्यांच्या मधून हवा नीट फिरते का, हासुद्धा त्याच जातीचा प्रश्न. पाणी, वारा आणि ऊन हे खान्देशचे तीन जुने विषय. या तिन्हींच्या मुळाशी एकच गणित आहे, एकोणिसाव्या शतकातली नेव्हिये-स्टोक्सची समीकरणं. खऱ्या आकारांसाठी ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून जागेचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा हिशोब कॉम्प्युटरकडून करून घ्यायचा.

हे काम करणारी विकतची सॉफ्टवेअर्स आहेत, पण त्यांची लायसन्स लहान कारखान्याला किंवा कॉलेजच्या पोराला परवडत नाहीत. आणि एक आहे जे फुकट मिळतं, त्याचं नाव ओपनफोम. फुकट मिळणं आणि आपल्या लॅपटॉपवर चालणं यात मात्र खूप वर्षांचं अंतर पडलं. ते का पडलं, तेच आज बघू.

सिम्युलेशनच्या पोटी जन्मलेली भाषा

१९६० च्या दशकात नॉर्वेत, ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये, ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची भाषा बनवली. नावातच सगळं आलं. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना तिथून आल्या, ज्या आपण दुसऱ्या वर्षाला पाठ करतो. पुढे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुपने केंब्रिजला पीएचडी करताना आपलं सिम्युलेशन सिम्युलात लिहिलं. लिहायला भाषा छान, पण चालायला फार मंद. म्हणून १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये त्याने सी भाषेचा वेग आणि सिम्युलाचे क्लास एकत्र करायला घेतले. तीच आपली सी प्लस प्लस.

१९८९ च्या सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हेन्री वेलरने प्रवाहाच्या गणितासाठी या नव्या भाषेत एक फ्रेमवर्क लिहायला सुरुवात केली. तेव्हा या क्षेत्रात फोरट्रानचं राज्य होतं. वेलरला कोड असा हवा होता, की कागदावरचं समीकरण जवळपास तसंच्या तसं फाइलमध्ये दिसावं. फोम नावाचं हे सॉफ्टवेअर काही वर्षं विकलं गेलं आणि डिसेंबर २००४ मध्ये जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. तेच ओपनफोम.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे सॉफ्टवेअर वाढलं ते युनिक्सच्या जगात. विंडोज त्याच्या घरात कधी नव्हतीच.

दरम्यान पुण्यात

मशीन मिळालं म्हणजे काम झालं असं नसतं, हे महाराष्ट्राला त्याच काळात कळलं होतं. १९८० च्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेने दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी क्रे दिला, पण अटी घालून. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

परममध्ये एक बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या चिप्स एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि प्रत्येकीची मेमरी वेगळी होती. म्हणजे एका मोठ्या मशीनसाठी लिहिलेला कोड त्यावर तसाच टाकून चालणार नव्हता. हिशोबाचे तुकडे करायचे, प्रत्येक चिपला एक द्यायचा आणि तुकड्यांच्या हद्दीवरची माहिती निरोपासारखी इकडून तिकडे पाठवायची. आज ओपनफोममध्ये आपण डीकम्पोझपार ही कमांड देतो तेव्हा हिशोबाचे असेच तुकडे होतात. पुण्यात मशीन बनवणं जितकं अवघड होतं, तितकंच जुने प्रोग्राम त्या मशीनला समजतील असे करणं. मोठ्या प्रमाणावर ते काम आणि छोट्या प्रमाणावर तुमचं रात्री दोन वाजताचं इन्स्टॉलेशन, जात एकच.

कंपाइल म्हणजे नक्की काय

ओपनफोम खुलं झालं म्हणजे त्याचा सोर्स कोड मिळाला. सोर्स कोड ही रेसिपी, जेवण नाही. तुमच्या मशीनच्या चुलीवर ते शिजवणं म्हणजे कंपाइल करणं. हजारो फाइल्स, एकेक करून. माझ्या कॉलेजच्या दिवसांत चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे रात्रभर चालायचं. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि मध्येच गेलेली लाइट.

लाइट गेल्यावर परत पहिल्यापासून करावं लागत नाही, याचं श्रेय १९७६ ला जातं. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने मेक नावाचं टूल लिहिलं. त्याच्या एका सहकाऱ्याने दुरुस्त झालेल्या प्रोग्राममध्ये बग शोधण्यात वेळ घालवला होता, कारण बदललेली फाइल परत कंपाइलच झाली नव्हती. म्हणून मेक प्रत्येक फाइलची वेळ बघतं आणि जे बदललंय किंवा राहिलंय तेवढंच करतं. ओपनफोमचं डब्ल्यूमेक त्याच मेकवर उभं आहे. न्यू जर्सीतल्या एका ऑफिसातली कटकट, आणि तिचा फायदा धुळ्यात भारनियमनात.

कॅपिटल अक्षराचा घोळ

आता माझा आवडता किस्सा. ओपनफोमच्या कोडमध्ये दोन फाइल्स आहेत, दोघींचं नाव व्हेक्टर डॉट एच. एकीत व्ही कॅपिटल, दुसरीत स्मॉल. मूळ फोल्डर वेगवेगळे आहेत. पण कंपाइल करताना ओपनफोम अशा सगळ्या फाइल्सच्या लिंक एका एलएन-इन्क्लूड नावाच्या फोल्डरमध्ये जमा करतं. लिनक्सला दोन्ही नावं वेगळी दिसतात, म्हणून अडचण येत नाही.

मॅकवर मात्र गाडी अडते. मॅकची डिस्क मुळात कॅपिटल आणि स्मॉल एकच मानते. दोन नावं एकाच जागेवर भांडतात आणि कंपाइलर भलत्याच फाइलबद्दल शेकडो एरर ओकतो. विंडोजचंही तेच, कारण तिचं घराणं डॉसचं. डॉसमध्ये फाइलचं नाव कसंही टाइप करा, ते कॅपिटलच व्हायचं. युनिक्सने मात्र सुरुवातीपासून दोन्ही अक्षरं वेगळी धरली. मॅकवाल्यांना अक्षरांचा फरक पाळणारी वेगळी डिस्क इमेज बनवून त्यात ओपनफोम ठेवावं लागायचं.

आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा प्रकारच नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या पोराला ही अडचण सुचणारही नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. अर्ध्या शतकापूर्वी दोन वेगळ्या ऑफिसांत दोन वेगळे निर्णय झाले. त्यांची टक्कर आज तुमच्या स्क्रीनवर होते.

कंपाइलरचंही असंच. दरवर्षी तो थोडा कडक होतो. कालपर्यंत चालवून घेतलेली ढिलाई आज चालवून घेत नाही. म्हणून जुना कोड नव्या उबंटूवर पडतो. एरर दिसली की मी आधी दोन तारखा बघतो, कोड कोणत्या वर्षाचा आणि कंपाइलर कोणत्या वर्षाचा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

दार कसं उघडलं

विंडोजसाठी लोकांनी बरेच मार्ग काढले. आधी सिगविन. मग पोर्तुगालच्या ब्लूकेपने विंडोजसाठी तयार केलेलं ब्लूसीएफडी. मग २०१६ च्या सुमारास डॉकर, म्हणजे शिजवलेला डबाच घरपोच. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये डब्ल्यूएसएल दिलं, आणि विंडोजच्या पोटातच लिनक्स चालायला लागलं. आज डब्ल्यूएसएलमध्ये उबंटू टाकून एका अ‍ॅप्ट इन्स्टॉलमध्ये ओपनफोम उतरतं. रात्रभराचं काम काही मिनिटांवर आलं.

दुसरं दार आयआयटी मुंबईने उघडलं. केंद्र सरकारच्या २००९ च्या शिक्षण मिशनमधून तिथे फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प वाढले. केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. कण्णन मौद्गल्य त्यामागे होते. स्पोकन ट्युटोरियलची पद्धत साधी आहे. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ अर्ध्या स्क्रीनवर, उरलेल्या अर्ध्यावर तुमचं काम. तो जे करतो ते थांबवून थांबवून तुम्ही करायचं. स्क्रीनवर इंग्रजी तेच राहतं, आवाज मात्र भारतीय भाषांत, मराठीतही. लिनक्सची मालिका मराठीत ऐकता येते. ओपनफोमच्या मालिकेतही इन्स्टॉलेशनला स्वतंत्र जागा दिली आहे, कारण माणूस अडकतो तो तिथेच.

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. आमच्या वेळी लॅबचे सगळे पीसी विंडोजचे होते आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड आमच्याकडे नव्हता. लिनक्स टाकायला परवानगी नाही. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप, त्याचाच प्रोजेक्ट पुढे. बाकीच्यांनी विषय बदलला, काहींनी तयार प्रोजेक्ट विकत घेतला. पवनचक्क्या बसमधून दिसत होत्या, पण त्यांचा वारा मोजणारा प्रोजेक्ट सोडून द्यावा लागला. त्या पोरांना गणित येत होतं. त्यांनी मनाशी मात्र पक्कं केलं, की "आपल्याला जमत नाही." हे नुकसान कुठल्या मार्कशीटवर दिसत नाही.

आज सुरू करणाऱ्यांसाठी

इतिहास कळला की काही गोष्टी आपोआप सोप्या होतात.

एक, डब्ल्यूएसएल वापरत असाल तर काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर नको. तिथे वेगही कमी आणि कॅपिटल-स्मॉलचा जुना घोळही.

दोन, ओपनफोमची दोन घराणी आहेत. फाउंडेशनच्या आवृत्त्या ७, ८, ११ अशा साध्या आकड्यांच्या. ईएसआयच्या व्ही२३१२ अशा, म्हणजे २०२३ चा बारावा महिना. २०२३ मधल्या ओपनफोम ११ पासून फाउंडेशनने सॉल्व्हरची रचनाच बदलली. त्यामुळे एका घराण्याचा व्हिडिओ बघून दुसऱ्याच्या कमांड देऊ नका.

तीन, सोर्समधून कंपाइल करताना मध्येच "किल्ड" असं आलं, तर ते बहुधा रॅम संपल्याचं लक्षण. एकावेळी चार फाइल्सऐवजी एक किंवा दोनच चालू द्या आणि परत सुरू करा. झालेलं काम मेक सांभाळून ठेवतं.

चार, पहिल्यांदा कॅव्हिटी नावाचं तयार उदाहरण चालवा. चौकोनी डबा, वरचं झाकण सरकतंय, आत पाणी फिरतंय. ते चाललं की इन्स्टॉलेशन ठीक. मग ड्रिपरच्या वळणाकडे या.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून कोणी ठिबकवर, केळीच्या चेंबरवर किंवा ब्राह्मणवेलच्या वाऱ्यावर काम करत असाल, तर कुठे अडलात ते एररच्या मजकुरासकट कळवा. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि आवृत्ती कोणती, हे आठवणीने लिहा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन एरर घेऊन बसू. तोपर्यंत राम राम!