स्कोनची शिला
स्कॉटलंडच्या व पुढे इंग्लंड-ब्रिटनच्या राजा-राण्यांच्या राज्याभिषेकात वापरली जाणारी वालुकाश्माची शिला. ‘नियतीची शिला’ हे तिचे दुसरे नाव. बायबलमधील याकोबाने ती उशाला घेतली होती अशी आख्यायिका आहे. तथापि भूवैज्ञानिक परीक्षणानुसार हा दगड स्कॉटलंडमधील स्कोनच्याच परिसरातील असून आख्यायिकेला आधार उरत नाही. वजन सुमारे १५२ किग्रॅ.; दोन्ही टोकांना लोखंडी कड्या.

स्कोन येथे तिच्यावर अधिष्ठित झालेला अखेरचा स्कॉटिश राजा जॉन बेल्यल (१२९२). इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये स्वारीतील लूट म्हणून ती लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेली व तिच्यासाठी ओक लाकडाचे सिंहासन घडविले. स्वारीत गेलेली ही शिला स्कॉटिश अस्मितेचे प्रतीक ठरली. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी ती ॲबीतून पळविली. त्या वेळी तिचे दोन तुकडे झाले. एप्रिल १९५१ मध्ये ती स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ ॲबीत मिळाली व पुन्हा लंडनला नेण्यात आली.

राज्याभिषेकासाठी लंडनला आणण्याच्या अटीवर ती १९९६ मध्ये स्कॉटलंडला परत देण्यात आली. तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात (६ मे २०२३) ती सिंहासनाखाली होती. मार्च २०२४ पासून ती स्कॉटलंडमधील पर्थ येथील संग्रहालयात आहे.